भाडं गोळा करण्याचं भाडं

या मालिकेत आपण रोजच्या वापरातल्या साध्या गोष्टींचा इतिहास बघतो. आजची गोष्ट आहे तिकीट. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, बेळगावला, हैदराबादला किंवा मुंबईत. गेल्या काही वर्षांत तुमच्या हातातला तिकिटाचा कागद कमी कमी होत गेला. त्याच्या जागी कार्ड आलं, मोबाईलवरचा चौकोनी कोड आला. कार्ड टेकवलं की फाटक उघडतं, आपण आत जातो. सोय आहे, यात शंका नाही. मी महाराष्ट्राबाहेर राहते आणि कामासाठी बरीच फिरते, त्यामुळे माझ्या पाकिटात तीन शहरांची तीन कार्डं कायम असतात.

पण आज मला एक हिशेबाचा प्रश्न विचारायचा आहे. तुम्ही वीस रुपये भाडं दिलंत. ते वीस रुपये तुमच्याकडून घेण्यासाठी किती खर्च आला, आणि तो कोणी केला?

आपण समजतो की भाडं म्हणजे डिझेल, ड्रायव्हर, टायर, रूळ, वीज यांचा खर्च. पण भाडं गोळा करायलाही भाडं पडतं. तिकीट छापायला, विकायला, तपासायला, सुटे पैसे द्यायला, संध्याकाळी रोकड मोजायला, चोरी पकडायला. हा खर्च कधी पैशात असतो, कधी वेळात, कधी जोखमीत. तिकिटाच्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात प्रत्येक नव्या पद्धतीनं हा खर्च थोडा कमी केला आणि उरलेला दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर ठेवला. म्हणून प्रत्येक टप्प्यावर आपण एकच विचारायचं: बिल कोणाकडे गेलं?

सुरुवात रेल्वेपासून करू. इंग्लंडमध्ये सुरुवातीच्या काळात रेल्वेचं तिकीट हातानं लिहून देत. घोडागाडीच्या प्रवासात जशी चिठ्ठी फाडून देत, तीच रीत. स्टेशनवरचा कारकून नाव, ठिकाण, रक्कम लिहायचा. यात दोन अडचणी होत्या. लिहायला वेळ लागे, आणि किती तिकिटं विकली याचा कंपनीला पक्का पत्ता लागत नसे. कारकुनानं दहा चिठ्ठ्या फाडल्या आणि वहीत आठच लिहिल्या, तर लंडनमध्ये बसलेल्या संचालकाला कळणार कसं?

यावर तोड काढली टॉमस एडमंडसन या माणसानं. तो मूळचा लाकडी फर्निचर करणारा कारागीर. धंद्यात दिवाळं निघालं, मग न्यूकॅसल अँड कार्लाइल रेल्वेवर मिल्टन नावाच्या छोट्या स्टेशनात नोकरीला लागला. १८३०च्या दशकाच्या शेवटी त्यानं आधीच छापलेल्या जाड पुठ्ठ्याच्या छोट्या तिकिटांची पद्धत बसवली. प्रत्येक तिकिटावर क्रमांक. खिडकीवरच्या कारकुनानं गठ्ठ्यातलं तिकीट काढायचं, तारखेच्या यंत्रात दाबायचं आणि द्यायचं. दिवसाअखेरी पहिला आणि शेवटचा क्रमांक बघितला की किती तिकिटं गेली ते कळतं. पुढे या पद्धतीच्या वापरासाठी तो रेल्वे कंपन्यांकडून दर मैलामागे वर्षाला दहा शिलिंग घेत असे. तिकिटाच्या तंत्रज्ञानाचं भाडं घेणारी आजची जी कंपनी असेल, तिचा हा मूळपुरुष म्हणायला हरकत नाही.

हेच पुठ्ठ्याचं तिकीट आपल्याकडे आलं आणि दीडशे वर्षांच्या आसपास टिकलं. तुमच्यापैकी अनेकांनी ते हातात धरलं असेल. खिडकीपलीकडून यायचा तो तारखेच्या यंत्राचा 'खट्टक' आवाज आठवत असेल. भायखळा, हावडा, शकूरबस्ती, रोयापुरम, सिकंदराबाद इथल्या रेल्वेच्या छापखान्यांत तिकिटं छापली जायची. संगणक आले तसं छापखान्यांचं काम आटत गेलं आणि अलीकडच्या वर्षांत ते बंद करण्याचे निर्णय झाले.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. एडमंडसनची पद्धत प्रवाशाच्या सोयीसाठी निघाली नव्हती. ती मालकाला कारकुनावर नजर ठेवता यावी म्हणून निघाली. प्रवाशाची रांग भराभर पुढे सरकली, हा वरचा फायदा. तिकिटाच्या प्रत्येक सुधारणेच्या पोटात हे दोन हेतू असतात, एक रांगेचा आणि एक नजरेचा. जाहिरात मात्र नेहमी रांगेची होते.

बसची गोष्ट वेगळी. रेल्वेला खिडकी असते, फाटक असतं. बसला काहीच नसतं. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी निघाली, तेव्हा तिकिटाची खिडकी म्हणजे चालता-बोलता कंडक्टरच होता. पुढे कित्येक दशकं त्याचा सरंजाम ठरलेला: रंगीबेरंगी तिकिटांच्या गठ्ठ्यांचा ट्रे, तिकिटाला भोक पाडायचा पंच, खांद्याला चामड्याची पिशवी आणि वेबिल. प्रत्येक टप्प्यावर कुठल्या गठ्ठ्याचा कुठला क्रमांक आला ते वेबिलावर भरायचं. डेपोत परतल्यावर रोकड आणि क्रमांक जुळले पाहिजेत. कमी पडले तर खिशातून भरायचे. म्हणजे भाडं गोळा करण्याची जोखीम त्या काळात बरीचशी कंडक्टरच्या डोक्यावर होती.

आणि थोडी आपल्याही. सुटे पैसे ही आपल्या बसच्या इतिहासातली न संपणारी कहाणी आहे. आठ रुपयांच्या तिकिटाला दहाची नोट दिली, दोन रुपये सुटे नाहीत. मग कंडक्टर काय करायचा? तिकीट उलटं करायचा आणि मागे पेनानं '२' लिहायचा. "उतरताना घ्या." आता हा व्यवहार नीट बघा. तुम्ही महामंडळाला दोन रुपये उसने दिलेत. तिकिटाची पाठ ही त्या उसनवारीची चिठ्ठी झाली. उतरताना आठवण राहिली तर वसूल, गर्दीत उतरलात तर बुडाले. हे चित्र डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

सुट्या पैशांचा त्रास एका बाजूचाच नव्हता. गोळा झालेल्या नाण्यांचं काय करायचं, हाही प्रश्न असतो. मुंबईत बेस्टनं जुलै २०१९मध्ये किमान भाडं पाच रुपयांवर आणलं. प्रवासी वाढले, आणि त्यांच्याबरोबर नाणीही वाढली. बँका एवढी नाणी घ्यायला तयार नसल्यानं कर्मचाऱ्यांच्या पगाराचा काही भाग नाण्या-नोटांत दिला गेल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. रोख पैसा फुकट असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी पिशवीभर नाण्यांचा पगार घरी नेण्याची कल्पना करून बघावी. रोखीलाही वाहतूक लागते, मोजणी लागते, पहारा लागतो.

या रोखीच्या खर्चावर उपाय म्हणून यंत्रं आली. आपल्या देशात २४ ऑक्टोबर १९८४ रोजी कोलकात्याची मेट्रो सुरू झाली, ती मागच्या बाजूला चुंबकीय पट्टी असलेली कागदी तिकिटं घेऊन. यंत्र तिकीट आत ओढायचं, पट्टी वाचायचं आणि बाहेर फेकायचं. पण ओढणारी चाकं झिजतात, धूळ बसते, ओलं तिकीट अडकतं. फिरणारे भाग जितके जास्त तितकी दुरुस्ती जास्त. २०११मध्ये कोलकात्यानं ही तिकिटं बंद करून टोकन आणले.

टोकनात आणि कार्डात जी चिप असते तिला फिरणारा भाग नाही, बॅटरीही नाही. कार्डाच्या आत तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असतं. फाटकावरच्या यंत्राभोवती चुंबकीय क्षेत्र असतं. कार्ड जवळ नेलं की त्या वेटोळ्यात वीज निर्माण होते, चिप क्षणभर जागी होते, आपला क्रमांक सांगते, शिल्लक बदलून घेते आणि पुन्हा झोपते. अर्ध्या सेकंदाच्या आत हे सगळं उरकतं.

हे तंत्र सगळ्या शहरासाठी वापरून दाखवलं हाँगकाँगनं. १ सप्टेंबर १९९७ला तिथे 'ऑक्टोपस' कार्ड आलं आणि पहिल्या तीन महिन्यांत तीस लाख कार्डं गेली. रेल्वे, बस, फेरीबोट सगळीकडे एकच कार्ड. पुढे दुकानांतही चालायला लागलं. दिल्लीची मेट्रो २४ डिसेंबर २००२ रोजी शाहदरा ते तीस हजारी अशी सुरू झाली, ती पहिल्यापासूनच टोकन आणि स्मार्ट कार्डावर. आणि २००३मध्ये लंडनमध्ये 'ऑयस्टर' कार्ड आलं.

लंडनचं उदाहरण जरा सविस्तर बघू, कारण तिथे हिशेब उघडपणे मांडला गेला. तिथल्या वाहतूक संस्थेला त्या काळात शंभर पाउंड भाडं गोळा करायला सुमारे चौदा पाउंड खर्च येत होता. चौदा टक्के! तो खाली आणायचा म्हणून त्यांनी एकेक पायरी घेतली. डिसेंबर २०१२पासून बसमध्ये थेट बँकेचं कार्ड टेकवता यायला लागलं, सप्टेंबर २०१४पासून भुयारी रेल्वेतही. ६ जुलै २०१४पासून बसमध्ये रोख पैसे घेणं पूर्ण बंद झालं. तोवर रोखीनं होणारा प्रवास एक टक्क्याच्या आसपासच उरला होता, आणि तो बंद करून वर्षाला २.४ कोटी पाउंड वाचतील असा संस्थेचा अंदाज होता.

फायदा खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण आपला प्रश्न विचारू: बिल कोणाकडे गेलं? रोख एक टक्क्यावर आपोआप आली नव्हती. बंद होण्याआधी लंडनच्या बसचं भाडं ऑयस्टरनं १ पाउंड ४५ पेन्स होतं आणि रोखीनं २ पाउंड ४० पेन्स. तीच बस, तेच अंतर. रोखीवाल्याला जवळजवळ दोन-तृतीयांश जास्त भुर्दंड. शिवाय भुयारी रेल्वेच्या स्टेशनांवरच्या तिकीट खिडक्या पुढच्या दोन वर्षांत बंद झाल्या. त्यांनी एक चांगली गोष्ट मात्र केली. कार्डात पैसे कमी पडले तर बसचा एक प्रवास तरी करू द्यायचा, पुढच्या भरण्यात तो वळता करायचा. रात्री अकरा वाजता कोणी थांब्यावर अडकून पडू नये, म्हणून ही सोय. यंत्राला माणुसकी शिकवायची तर ती अशी नियमात लिहावी लागते. कंडक्टरला लिहून द्यावी लागत नव्हती.

यंत्र बिघडलं तर काय, हेही लंडननं दाखवलं. जुलै २००८मध्ये एकाच महिन्यात दोनदा ऑयस्टरची यंत्रणा कोलमडली. हजारो कार्डं निकामी झाली, फाटकं उघडी ठेवून लोकांना सोडावं लागलं. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या नायमेखेन शहरातल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी 'मायफेअर क्लासिक' या चिपचं कुलूप उघडून दाखवलं. जगभरच्या वाहतूक कार्डांत, ऑयस्टरमध्येसुद्धा, तीच चिप होती. चिप बनवणारी कंपनी हे संशोधन छापलं जाऊ नये म्हणून कोर्टात गेली. कोर्टानं कंपनीचं म्हणणं फेटाळलं. त्यानंतर लंडनला नव्या चिपची कार्डं आणावी लागली. कागदी तिकिटाची नक्कल करणारा एका वेळी एक तिकीट चोरतो. चिपची नक्कल जमली तर सगळ्या शहराची कार्डं बदलावी लागतात. चोरीची शक्यता कमी झाली, पण झाली तर तिचा आकार वाढला.

आणि हाँगकाँग? २०१०मध्ये उघड झालं की ऑक्टोपस कंपनीनं आपल्या बक्षीस योजनेतल्या जवळजवळ वीस लाख ग्राहकांची माहिती इतर कंपन्यांना दिली आणि साडेचार वर्षांत त्यातून ४.४ कोटी हाँगकाँग डॉलर कमावले. मोठा गदारोळ झाला, कंपनीच्या प्रमुखांना पायउतार व्हावं लागलं. एडमंडसनच्या पुठ्ठ्यानं कारकुनावर नजर ठेवली होती. इथे नजर प्रवाशाकडे वळली. पुठ्ठ्याच्या तिकिटाला तुमचं नाव ठाऊक नव्हतं. तुम्ही रोज सकाळी कुठे चढता, कुठल्या दवाखान्याच्या थांब्यावर उतरता, हे त्यानं कोणाला सांगितलं नसतं.

आता आपल्याकडे येऊ. लंडन-हाँगकाँगचे फायदे आपल्याकडे जसेच्या तसे मिळतात का? मेट्रोत बऱ्याच अंशी मिळतात, कारण तिथे फाटक आहे. बसमध्ये एक मोठा फरक आहे, आणि तो बैठकांमध्ये बरेचदा विसरला जातो. लंडनच्या बसमध्ये कंडक्टर नव्हता, पैसे ड्रायव्हर घ्यायचा. प्रत्येक प्रवासी पैसे देईपर्यंत बस थांब्यावर उभी. समजा चाळीस माणसं चढली आणि प्रत्येकाचे पाच सेकंद वाचले, तर बस दोनशे सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहून जास्त आधी निघते. तीच बस दिवसात एखादी फेरी जास्त करू शकते. हा कार्डाचा सगळ्यात मोठा फायदा.

आपल्या बसमध्ये माणसं चढतात, बस निघते, आणि कंडक्टर चालत्या गाडीत तिकिटं फाडतो. आपला थांब्यावरचा वेळ कार्डाआधीच वाचलेला आहे, तो कंडक्टरच्या पायांनी वाचवला आहे. म्हणून नुसतं कार्ड आणून आपली बस लवकर सुटत नाही. आपला फायदा दुसरीकडे असतो: सुट्या पैशांची कटकट जाते, वेबिलाचा हिशेब आपोआप होतो, कुठल्या मार्गावर किती गर्दी हे कळतं. आणि मग पुढचा विचार येतो की कार्डच आहे तर कंडक्टर कशाला? २०२२मध्ये बेस्टनं चर्चगेट-गेटवे मार्गावर चढताना-उतरताना कार्ड किंवा मोबाईल टेकवायची बस सुरू केली, ती या दिशेची. पण कंडक्टर तिकीट फाडण्यापलीकडे बरंच काही करतो. म्हातारीला हात देतो, थांबा ओरडून सांगतो, मागच्या दाराला कोणी लटकत नाही ना बघून घंटी देतो, रात्री एकटी बाई असेल तर तिच्यावर लक्ष ठेवतो. त्याच्या पगाराची बचत हिशेबाच्या वहीत दिसते. त्याची ही कामं कुठल्याच वहीत नसल्यामुळे ती गेल्याचा तोटा दिसत नाही.

मेट्रोकडे वळू. दिल्ली मेट्रोत स्मार्ट कार्डानं गेलात तर भाड्यात दहा टक्के सूट मिळते. कमी गर्दीच्या वेळी आणखी. चांगली गोष्ट आहे. पण ती कोणाला मिळते? ज्याच्याकडे शे-दोनशे रुपये आगाऊ भरून ठेवायची ऐपत आहे त्याला. बांधकामावर रोजंदारी करणारा माणूस आजच्या कमाईतून आजचं तिकीट काढतो, आणि पूर्ण भाडं देतो. म्हणजे ज्याला सवलतीची गरज जास्त, त्याला ती कमी. हे कोणी दुष्टपणानं केलेलं नाही. आगाऊ पैसे देणाऱ्याचा खर्च कमी येतो म्हणून त्याला सूट दिली. पण बिल शेवटी रोज कमावून रोज खाणाऱ्याकडे गेलं.

आता ती तिकिटाची पाठ आठवा. कंडक्टरनं पेनानं लिहिलेला '२'. कार्डातली शिल्लक म्हणजे दुसरं काय आहे? तुम्ही आगाऊ दिलेले पैसे. प्रवास अजून झालेला नाही. म्हणजे कार्ड हे असं तिकीट आहे ज्याच्या पाठीवर 'तुमचे इतके देणं आहे' हे कायमचं लिहिलेलं असतं. फरक एवढाच की तेव्हा दोन रुपये तासाभरासाठी अडकायचे, आता दीडशे रुपये महिनोन्‌महिने अडकतात. लाखो लोकांचे असे दीडशे मिळून मोठी रक्कम होते. माझ्या तीन कार्डांतलं एक अशा शहराचं आहे जिथे मी वर्षातून एकदा जाते. गेल्या खेपेला उतरताना यंत्रानं कार्ड वाचलं नाही, आणि प्रवासाचं शेवटचं टोक समजून सगळ्यात जास्त भाडं कापलं गेलं. खिडकीवरच्या माणसानं सांगितलं, ॲपवर तक्रार करा. ॲपनं सांगितलं, खिडकीवर जा. ते पन्नास रुपये अजून परत आलेले नाहीत. पन्नास रुपयांसाठी कोण भांडत बसणार, असं तुम्ही म्हणाल. या सगळ्या व्यवहाराला नेमका त्याच वाक्याचा आधार असतो.

तीन शहरं, तीन कार्डं, हा प्रश्न सरकारलाही दिसत होता. कोची मेट्रो २०१७मध्ये सुरू झाली तेव्हा तिनं बँकेबरोबर मिळून कार्ड काढलं. ४ मार्च २०१९ रोजी अहमदाबादमध्ये राष्ट्रीय सामायिक कार्डाची सुरुवात झाली. 'एक देश, एक कार्ड' अशी घोषणा होती. कल्पना खरोखर चांगली आहे: नागपूरच्या मेट्रोत आणि चेन्नईच्या बसमध्ये एकच कार्ड. पैसे चिपमध्येच साठवलेले असल्यानं प्रत्येक वेळी बँकेला विचारावं लागत नाही, नेटवर्क नसलं तरी काम होतं.

पण या कार्डामागे बँक असते, आणि बँकेचं जे होईल ते कार्डाचं होतं. जानेवारी २०२४च्या शेवटी रिझर्व्ह बँकेनं पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले. १५ मार्च २०२४नंतर त्या बँकेनं दिलेल्या प्रवासी कार्डांत नवे पैसे भरता येईनात. असलेली शिल्लक संपवायची, एवढंच उरलं. मेट्रो व्यवस्थित चालू, रूळ जागेवर, गाड्या वेळेवर. प्रवाशाला नवं कार्ड घ्यावं लागलं, कारण एका बँकेच्या कारभारावर रिझर्व्ह बँक नाराज होती. रिझर्व्ह बँकेचा निर्णय चूक होता असं मी म्हणत नाही. मी एवढंच दाखवते आहे की आपल्या प्रवासाच्या साखळीत पूर्वी नसलेली एक कडी जोडली गेली. त्याच फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेनं ओळखपत्राची पडताळणी न करता प्रवासी कार्ड द्यायची मुभा बँकांना आणि इतर कंपन्यांना दिली, हे चांगलं झालं. या कार्डात जास्तीत जास्त तीन हजार रुपये राहतात आणि त्याची मुदत संपत नाही. मात्र त्यातून रोख काढता येत नाही आणि परतावाही नाही. एकदा भरले की प्रवासातच संपवायचे.

मग यूपीआय आहेच की, असं कोणी म्हणेल. खरं आहे, आगाऊ काही भरावं लागत नाही. १ जानेवारी २०२०पासून यूपीआयच्या व्यवहारावर दुकानदाराला किंवा बसला बँकेचं शुल्कही द्यावं लागत नाही. पण शुल्क शून्य म्हणजे खर्च शून्य नव्हे. तो खर्च बँका सोसतात आणि सरकार त्यांना तिजोरीतून प्रोत्साहन रक्कम देतं, म्हणजे फिरून आपणच. शिवाय गर्दीच्या बसमध्ये एका हातानं दांडी धरून दुसऱ्या हातानं मोबाईल उघडायचा, नेटवर्क शोधायचं, आणि तोवर आपला थांबा आलेला असतो. मोबाईलची बॅटरी संपली तर प्रवाशाचीच पंचाईत. पूर्वी यंत्राची देखभाल संस्थेकडे होती, आता यंत्रच प्रवाशानं विकत घेऊन चार्ज करून आणायचं.

शेवटचा टप्पा सगळ्यात मजेचा आहे. भाडंच घ्यायचं नाही ठरवलं तर? लक्झेंबर्गनं २९ फेब्रुवारी २०२०पासून सगळ्या देशात सार्वजनिक वाहतूक फुकट केली, रेल्वेचा पहिला वर्ग सोडून. तिथे तिकिटांतून खर्चाचा दहावा हिस्साही निघत नव्हता. आपल्याकडे दिल्लीनं २०१९च्या भाऊबीजेपासून, २९ ऑक्टोबरला, बायकांना बस फुकट केली. कर्नाटकानं ११ जून २०२३पासून शक्ती योजना आणली. बेळगावकर श्रोत्या भगिनींना ती चांगली ठाऊक आहे. आता गंमत बघा. प्रवास फुकट, पण तिकीट आहेच! दिल्लीत गुलाबी दिलं गेलं, कर्नाटकात शून्य रुपयांचं. का? कारण सरकारनं परिवहन संस्थेला दर प्रवासामागे पैसे द्यायचे आहेत, दिल्लीत एका गुलाबी तिकिटामागे दहा रुपये ठरले होते. मग मोजणी हवी, आणि मोजणीला तिकीट हवं. प्रवाशाकडून एक पैसा घ्यायचा नसला तरी हिशेबासाठी यंत्र, कागद आणि कंडक्टरचा वेळ खर्च होतोच. एडमंडसनला हे लगेच समजलं असतं. तिकीट पैशाआधी मोजणीचं साधन आहे.

तर मंडळी, मी कार्डाच्या विरोधात आहे का? मुळीच नाही. चौदा टक्के खर्च कमी झाला तर त्यातून जास्त बसगाड्या येऊ शकतात, आणि थांब्यावर अर्धा तास उभ्या राहणाऱ्या माणसाला त्याहून मोठी सोय नाही. पण वाचलेला पैसा बसगाड्यांत गेला की नाही, हे विचारायचा हक्क आपला आहे. माझ्या मते चार गोष्टी आपण प्रत्येक शहरात मागितल्या पाहिजेत. एक, रोख पैसे देणाऱ्याला बसमधून उतरवू नये आणि त्याला जास्त भाडं लावू नये. दोन, कार्डातले पैसे मागितले तर परत मिळावेत, आणि चुकून कापलेले पैसे आपोआप परत यावेत. तीन, नाव-गाव न सांगता घेता येईल असं कार्ड कायम उपलब्ध असावं. आणि चार, भाडं गोळा करायला किती खर्च येतो आणि न वापरलेली शिल्लक किती पडून आहे, हे दोन आकडे परिवहन संस्थेनं दरवर्षी जाहीर करावेत.

यातली चौथी मागणी आपल्या हातात आहे. तुमच्या शहराची बस महापालिका किंवा राज्य सरकार चालवत असेल, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करून हे दोन आकडे मागता येतात. कोणी मागितलेत आणि मिळाले, तर या व्हिडिओच्या खाली शहराच्या नावासकट जरूर लिहा. पुरेशी शहरं जमली की त्या आकड्यांवर एक स्वतंत्र भाग करू.